ब्लॉक केलेली साइट मधूनच कशी उघडते? एचटीटीपीएस आणि फायरवॉलचा वेब फिल्टर

तक्रार साधारण अशी असते. फायरवॉलवर व्हिडिओ, जुगार किंवा सोशल मीडिया असा एखादा वर्ग ब्लॉक केलेला आहे. एका मशीनवर साइट बंद दिसते, शेजारच्या मशीनवर बिनदिक्कत उघडते. किंवा एकाच मशीनवर एका ब्राउझरात बंद, दुसऱ्यात चालू. कधी सकाळी बंद असते, दुपारी उघडते आणि रिफ्रेश केलं की पुन्हा बंद. मग कोणीतरी फायरवॉल रीस्टार्ट करतं, काही काळ सगळं ठीक दिसतं, आणि पुन्हा तेच रडगाणं.

याच घराण्यातली दुसरी तक्रार म्हणजे साइट बंद होते, पण ‘हे पान तुमच्या नेटवर्कवर बंद आहे’ असा सरळ निरोप दिसत नाही. ब्राउझर सर्टिफिकेटची लाल चेतावणी दाखवतो आणि लोक नेट बिघडलं म्हणून फोन करतात.

अशा वेळी पहिला हात जातो तो वर्गवारीच्या डेटाबेसकडे. डेटाबेस अपडेट करा, साइट हाताने यादीत टाका, फर्मवेअर बदला, कंपनीकडे तिकीट काढा. बहुतेक वेळा हे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं होतं. साइट कोणत्या वर्गात मोडते हे फिल्टरला नीट ठाऊक असतं. त्या कनेक्शनमध्ये त्याला साइटचं नावच दिसलेलं नसतं, किंवा भलतंच नाव दिसलेलं असतं, किंवा त्याला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून शोध एकाच प्रश्नाभोवती घ्यायचा: या कनेक्शनला फिल्टरने कोणतं नाव पाहिलं?

फिल्टरला दिसतं तरी काय

साध्या एचटीटीपीत फायरवॉलला पूर्ण पत्ता दिसायचा: साइटचं नाव, त्यापुढचा मार्ग, फाइलचं नाव, सगळं. एचटीटीपीएसमध्ये सगळं एन्क्रिप्ट होऊन जातं; ते ट्रॅफिक मध्येच उलगडून पाहायची सोय चालू नसेल तर हाताशी फक्त चार तुकडे राहतात. पलीकडचा आयपी पत्ता. डीएनएसची विचारणा, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी विचारणं, तीही फायरवॉलच्या नजरेखालून गेली तर. हँडशेकच्या (कनेक्शन जुळवतानाच्या बोलण्याच्या) पहिल्या निरोपातलं, म्हणजे क्लायंट हॅलोमधलं, एसएनआय नावाचं खानं, ज्यात ब्राउझर हव्या त्या साइटचं नाव लिहितो. आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला. मार्ग कधीच दिसत नाही. त्यामुळे ‘अमुक साइटवरचा एकच विभाग चालू, बाकी बंद’ असा रूल ट्रॅफिक न उलगडता लिहिला असेल तर तो कधीच चालणार नाही, कितीही वेळा तपासला तरी. अशा रूलवर लोक तासन्तास घालवतात. तो सरळ काढून टाका.

फिल्टरची सगळी मदार एसएनआयवर असते, आणि एसएनआय म्हणजे दारावरच्या रखवालदाराला पाहुण्याने स्वतः सांगितलेलं नाव. ते खरं आहे का, हे पडताळायला पूर्वी सर्टिफिकेट उपयोगी पडायचं. टीएलएस हा एचटीटीपीएसमागचा एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल. त्याच्या १.२ आवृत्तीपर्यंत सर्व्हरचं सर्टिफिकेट उघडं जायचं, ते वाचून फायरवॉल दोन्ही नावं जुळवू शकायची. बऱ्याच फायरवॉलवर ‘सर्टिफिकेट तपासणी’ म्हणून जो हलका प्रकार मिळतो तो याच काळातला. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं आणि सर्टिफिकेटही एन्क्रिप्ट होऊन जाऊ लागलं. आता ते वाटेत वाचता येत नाही. काही फायरवॉल त्यावर उपाय म्हणून त्या सर्व्हरशी स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडून सर्टिफिकेट मागून घेतात. युक्ती चांगली आहे, पण सर्व्हर फायरवॉलला आणि ब्राउझरला एकच सर्टिफिकेट देईल याची हमी नसते.

टीएलएस १.२ मध्येसुद्धा ब्राउझरने आधीचं सेशन पुन्हा सुरू केलं की हँडशेक आखूड होतो आणि सर्व्हर सर्टिफिकेट पाठवतच नाही. म्हणजे पहिल्या भेटीत नाव जुळवता येतं, दुसऱ्या भेटीत जुळवायला काही नसतं. ‘कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीचं एक मूळ इथेही आहे.

आधी पुरावा गोळा करा

सेटिंगला हात लावण्याआधी जिथे साइट उघडते त्या मशीनवर बसा. जिथे बंद आहे तिथे पाहून काही कळत नाही.

ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये प्रोटोकॉलचा कॉलम चालू करा. क्रोममध्ये तो आधी लपलेला असतो, शीर्षकावर राइट क्लिक केल्यावर मिळतो. तिथे एच२ (एचटीटीपी/२) आहे की एच३ (एचटीटीपी/३), ते टिपून ठेवा. त्याच पानावर सर्व्हरचा आयपी पाहा: आयपीव्ही४ आहे की आयपीव्ही६? मग कुलपाच्या किंवा सेटिंगच्या चिन्हावरून सर्टिफिकेट उघडा आणि ते कोणी दिलंय ते वाचा. तुमच्या फायरवॉलच्या ऑथॉरिटीचं (ऑथॉरिटी म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी) नाव असेल तर ट्रॅफिक उलगडलं जातंय. बाहेरच्या सार्वजनिक ऑथॉरिटीचं असेल तर नाही, मग पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो.

आता फायरवॉलवर त्या मशीनच्या आयपीने सेशन टेबल (चालू कनेक्शनची यादी) गाळून पाहा. कनेक्शन कोणत्या रूलवर बसलंय? तुम्हाला वाटतंय त्याच रूलवर, की त्याच्या वरच्या एखाद्या जुन्या, ‘तात्पुरता’ म्हणून टाकलेल्या रूलवर? लॉगमध्ये होस्टचं नाव आहे की नुसता आयपी? नाव रिकामं असेल तर फिल्टरला काही दिसलं नाही, आणि नाव भलतंच असेल तर ते भलतं नाव हाच सगळ्यात मोठा धागा.

एवढ्यावर उत्तर मिळालं नाही तर वायरशार्क (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) लावा आणि फक्त क्लायंट हॅलो गाळून घ्या. एसएनआयमध्ये काय आहे, हॅलो एका पॅकेटमध्ये मावलाय की दोन, आणि यूडीपी ४४३ वर (नेहमीच्या टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीने, एचटीटीपीएसच्याच ४४३ पोर्टवर) काही जातंय का, या तीन गोष्टी बघायच्या.

सगळ्यात मोठा गुन्हेगार: क्विक

प्रोटोकॉलच्या कॉलममध्ये एच३ दिसलं तर पुढे जास्त शोधू नका. एचटीटीपी/३ हे क्विकवर चालतं आणि क्विक टीसीपीवर नाही तर यूडीपी ४४३ वर. क्विकचं मानक मे २०२१ मध्ये आलं, एचटीटीपी/३ चं जून २०२२ मध्ये. पण मोठ्या साइट आणि क्रोम त्याआधीपासूनच ते वापरत होते. अनेक फायरवॉलचा वेब फिल्टर टीसीपी ४४३ वरच बसवलेला असतो. बाहेर जायच्या रूलमध्ये ‘सर्व सेवा’ असं लिहिलं असेल तर यूडीपी फिल्टरच्या बाजूने निघून जातं.

ते ‘मधूनच’ का होतं, हे समजून घ्यायला हवं. ब्राउझर सहसा आधी टीसीपीने जातो. सर्व्हर उत्तरात सांगतो की मी क्विकवरही भेटतो, आणि हे किती वेळ लक्षात ठेवायचं तेही सांगतो. बऱ्याचदा ते २४ तास असतं. पुढच्या वेळी ब्राउझर थेट यूडीपीने जातो. जेवणाच्या सुट्टीत साइट चालू ठेवणारं वेळापत्रक लावलं असेल तर ब्राउझर त्या सुट्टीत ही गोष्ट शिकतो आणि सुट्टी संपल्यावर वापरतो. सर्व्हरने तशी मुभा दिली असेल तर नेटवर्क बदललं तरी ती नोंद टिकते, म्हणजे दुसरीकडे फिरून आलेला लॅपटॉप ते शिकून येऊ शकतो. शिवाय डीएनएसमध्ये ६५ क्रमांकाची एचटीटीपीएस नोंद असते, तिच्यातूनही एच३ असल्याचं पहिल्या कनेक्शनच्या आधीच कळतं.

क्विकचं पहिलं पॅकेट एन्क्रिप्टेड असतं, पण त्याची किल्ली त्याच पॅकेटमधल्या कनेक्शन क्रमांकावरून आणि मानकात छापलेल्या एका ठरावीक आकड्यावरून निघते. म्हणजे ज्याला वाचायचं आहे तो एसएनआय वाचू शकतो. तुमची फायरवॉल तसं करते का, हे तिच्या आवृत्तीवर अवलंबून. मे २०२३ मध्ये क्विकची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात तो ठरावीक आकडा वेगळा आहे. फक्त पहिली आवृत्ती कळणारं इंजिन तिथे आंधळं होतं.

उपाय सोपा आहे. आतून बाहेर जाणारं यूडीपी ४४३ सगळ्यात वरच्या रूलने अडवा. ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतो, वापरणाऱ्याला बहुधा कळतही नाही. पॅकेट गिळून टाकण्यापेक्षा ‘रिजेक्ट’ करणं (नकार कळवणं) बरं, म्हणजे ब्राउझर वाट पाहत बसत नाही. फक्त एक सांभाळा: काही व्हीपीएन क्लायंट आणि काही मीटिंगची ॲप यूडीपी ४४३ वापरतात. त्यांच्या सर्व्हरसाठी आधी वेगळा रूल टाका, नाहीतर एक तक्रार मिटवून दुसरी ओढवून घ्याल. मशीन तुमच्या ताब्यात असतील तर ब्राउझरच्या पॉलिसीतूनही क्विक बंद करता येतं. दोन्ही करा.

एकच कनेक्शन, दोन साइट

हे कारण फार कमी जणांना माहीत असतं आणि लॉगमध्ये ते सगळ्यात जास्त चकवतं. एचटीटीपी/२ मध्ये ब्राउझरला एक सवलत आहे: दोन नावांचा आयपी एकच असेल आणि पहिल्या कनेक्शनच्या सर्टिफिकेटमध्ये दुसरं नावही बसत असेल, तर नवीन कनेक्शन न उघडता तेच वापरायचं. नवीन कनेक्शन नाही म्हणजे नवीन क्लायंट हॅलो नाही, म्हणजे नवीन एसएनआय नाही. फिल्टरला फक्त पहिलं नाव कळतं.

गूगलच्या सर्टिफिकेटमध्ये यूट्यूबचंही नाव असतं. सर्च चालू आणि व्हिडिओ बंद अशी पॉलिसी असेल, तर नशिबाने दोघांचा आयपी जुळला की व्हिडिओचं पान सर्चच्या कनेक्शनमधून येऊ शकतं. लॉगमध्ये सर्चचंच नाव दिसतं. आयपी प्रत्येक वेळी जुळेल असं नाही, म्हणून हे एकदा घडतं आणि नंतर करून दाखवायला गेलं की घडत नाही.

ट्रॅफिक न उलगडता यावर फायरवॉलच्या वेब फिल्टरमध्ये इलाज नाही. डीएनएसमध्ये मात्र आहे. आयपी जुळतो का हे पाहायला ब्राउझरला आधी दुसऱ्या नावाची विचारणा करावी लागते. तिथेच खोटं किंवा रिकामं उत्तर दिलं तर सवलत लागू होत नाही. डीएनएस फिल्टर आणि वेब फिल्टर एकमेकांना पर्याय आहेत असं मानून लोक त्यातला एक बंद ठेवतात. ते चूक आहे.

जाता जाता: सेफ सर्च आणि यूट्यूबचा मर्यादित मोड यांच्यासाठी ट्रॅफिक उलगडायची अजिबात गरज नाही. दोन्हींसाठी गूगलने खास होस्टनावं ठेवली आहेत. तुमच्या डीएनएसवर मूळ नावाचं उत्तर त्या नावाकडे वळवलं की झालं. शाळा आणि वाचनालयांसाठी एवढं पुष्कळ होतं.

जुनी कनेक्शन हाही याच जातीचा प्रश्न. पॉलिसी बदलली तरी ती सहसा नव्या सेशनला लागते. आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तसंच वाहत राहू शकतं. रीस्टार्ट केल्यावर सगळं ठीक होतं ते याचमुळे: सेशन टेबल पुसलं जातं आणि सगळ्यांना दारातून पुन्हा यावं लागतं. त्यासाठी अख्खी फायरवॉल बंद करायची गरज नाही. त्या मशीनची सेशन तेवढी काढा.

नाव दोन पॅकेटमध्ये तुटलं तर

एप्रिल २०२४ मध्ये क्रोम १२४ आलं आणि क्वांटम संगणकांपासून बचाव करणारी किल्लीची देवाणघेवाण डेस्कटॉपवर आपोआप चालू झाली. या नव्या पद्धतीत क्लायंटने पाठवायचा किल्लीचा भाग १,२१६ बाइटचा आहे. जुना फक्त ३२ बाइटचा होता. बाकीची माहिती धरून क्लायंट हॅलो नेहमीच्या १,५०० बाइटच्या पॅकेटमध्ये मावेनासा झाला आणि दोन तुकड्यांत जाऊ लागला.

प्रोटोकॉलच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पण कित्येक उपकरणं क्लायंट हॅलो एकाच पॅकेटमध्ये असतो असं गृहीत धरून लिहिलेली होती. पहिला तुकडा वाचायचा, नाव सापडलं तर निकाल द्यायचा, नाही सापडलं तर एक तर सोडून द्यायचं किंवा कनेक्शन तोडायचं. त्यात क्रोम २०२३ पासून हॅलोमधल्या खान्यांचा क्रम दर वेळी मुद्दाम पिसतो. म्हणून एसएनआय कधी पहिल्या तुकड्यात येतं, कधी दुसऱ्या. तीच साइट, तेच मशीन, तोच ब्राउझर, आणि रिफ्रेशगणिक वेगळा निकाल.

वायरशार्कमध्ये हे लख्ख दिसतं. ज्या वेळी साइट उघडली त्या वेळचा हॅलो दोन तुकड्यांत आहे आणि नाव दुसऱ्यात आहे, असं आढळलं तर कारण सापडलं. उपाय म्हणजे तुकडे जोडून वाचणारं फर्मवेअर. ब्राउझरमध्ये नवी किल्लीपद्धत बंद करायला पॉलिसी होती, पण ती तात्पुरती म्हणूनच दिली होती. तिच्या भरवशावर राहू नका. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: जो हॅलो क्रोम नकळत तोडतो तो एखादं ॲप मुद्दामही तोडू शकतं. फिल्टर चुकवायची ही जुनीच वाट आहे.

डीएनएस हातातून गेलं असेल तर

डीएनएस फिल्टर महत्त्वाचा आहे असं वर म्हटलं, पण ब्राउझर तुमच्या डीएनएसला विचारतोय का हे आधी बघावं लागतं. २०१८ मध्ये डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएसचं मानक आलं; त्यात विचारणा ४४३ वरून, इतर वेब ट्रॅफिकमध्ये मिसळून जाते. डीएनएस-ओव्हर-टीएलएस निदान ८५३ या स्वतःच्या पोर्टवर असतं, ते अडवायला सोपं.

क्रमाने करायचं ते असं. बाहेर जाणारं ५३ (साध्या डीएनएसचं पोर्ट) आणि ८५३ फक्त तुमच्या डीएनएस सर्व्हरला मोकळं ठेवा. फायरवॉलच्या वर्गवारीत डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस सेवांचा गट असतो, तो बंद करा. फायरफॉक्स सुरू होताना ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ हे नाव विचारतो; तुमच्या सर्व्हरने ‘असं नाव नाही’ असं सांगितलं तर तो आपोआप चालू झालेली सोय बंद करतो. मात्र वापरणाऱ्याने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन ती निवडली असेल तर तो ऐकत नाही. तिथे ब्राउझरची पॉलिसीच लागते. ॲपलच्या उपकरणांवरच्या प्रायव्हेट रिलेसाठीही असंच आहे: ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ आणि ‘मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ ही नावं नाहीत असं उत्तर द्या. विचारणा गिळून टाकू नका, उपकरण ताटकळत राहतं आणि तक्रार ‘नेट स्लो आहे’ या वेषात परत येते.

डीएनएस ताब्यात असण्याचं आणखी एक कारण म्हणजे एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो, थोडक्यात ईसीएच. यात खरं नाव आतल्या हॅलोमध्ये एन्क्रिप्ट होतं आणि बाहेरच्या हॅलोवर सेवा देणाऱ्या कंपनीचं एक सामायिक नाव असतं. २०२३ च्या उत्तरार्धात क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही हे सुरू केलं. क्लाउडफ्लेअरच्या मागे असलेल्या वेगवेगळ्या साइटचं बाहेरचं नाव मग एकच दिसतं: ‘क्लाउडफ्लेअर-ईसीएच डॉट कॉम’. लॉगमध्ये हे नाव दिसलं तर फिल्टर हरला असं समजा. घाईने ते नावच ब्लॉक केलं तर त्याच्या मागच्या साऱ्या साइटना फटका बसेल. ईसीएचची किल्ली ब्राउझरला डीएनएसच्या त्याच ६५ क्रमांकाच्या नोंदीतून मिळते. तुमच्या डीएनएसने त्या नोंदीतून ती किल्ली काढून टाकली, किंवा नोंदच रिकामी दिली, की ब्राउझर पूर्वीसारखं उघडं एसएनआय पाठवतो.

किरकोळ, पण नेहमीची कारणं

आयपीव्ही६ साठी पॉलिसीच लिहिलेली नसते, किंवा सगळं मोकळं सोडणारी असते. दोन मिनिटांत तपासून होतं, आणि लाज वाटावी इतक्या वेळा तेच निघतं.

वर्गवारी सांगणाऱ्या सर्व्हरशी संपर्क तुटला तर साइट सोडायची की अडवायची, याची एक सेटिंग असते. ती ‘सोडा’ वर असेल तर लिंक डळमळीत झाली की फिल्टरही डळमळीत. ‘अवर्गीकृत’ या गटाचं काय करायचं ठरवलंय तेही पाहा.

अपवादांची यादी वाचा. कोणीतरी कधीतरी एखाद्या मोठ्या कंटेंट नेटवर्कचं पूर्ण डोमेन तारांकित करून मोकळं सोडलेलं असतं, आणि त्याच्या खाली कोणाचीही साइट असू शकते.

थेट आयपी टाकून उघडलेल्या साइटला एसएनआय नसतंच. भाषांतराच्या सेवेतून उघडलेलं पान भाषांतर सेवेच्या नावाने येतं. आणि एसएनआयमध्ये एक नाव, आत एन्क्रिप्टेड विनंतीत दुसरं नाव, ही डोमेन फ्रंटिंगची युक्ती: गूगल आणि ॲमेझॉनने २०१८ मध्ये आपापल्या नेटवर्कवर ती बंद केली, पण युक्ती म्हणून ती जगातून गेलेली नाही.

ब्लॉक पानाऐवजी सर्टिफिकेटची चूक

ही तक्रार बिघाडाची नाही. ब्राउझरने एका साइटचं नाव घेऊन एन्क्रिप्टेड कनेक्शन मागितलं आणि मध्ये फायरवॉल स्वतःचं पान घेऊन उभी राहिली. त्या साइटच्या नावाचं खरं सर्टिफिकेट तिच्याकडे असणार नाही, म्हणून ती स्वतःच्या ऑथॉरिटीने बनवून देते. मशीनला ती ऑथॉरिटी ओळखीची नसेल तर ब्राउझर ओरडतो, आणि त्याने ओरडायलाच हवं. साइटने एचएसटीएस (फक्त सुरक्षित कनेक्शनच वापर, अशी ब्राउझरला सक्ती) लावलं असेल तर ‘तरीही पुढे जा’ हे बटणही मिळत नाही.

ज्या मशीनवर तुमचा अधिकार आहे तिथे फायरवॉलच्या ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट बसवा, पान नीट दिसेल. जिथे अधिकार नाही, पाहुण्यांच्या वाय-फायवर वगैरे, तिथे पान दाखवायचा अट्टहास सोडा. कनेक्शन तोडणं प्रामाणिक आहे. ‘चेतावणी आली तरी पुढे जा’ असं लोकांना कधीही सांगू नका. एकदा ती सवय लागली की खऱ्या हल्ल्याच्या वेळीही ते पुढेच जातील.

सगळं ट्रॅफिक उलगडावं का

कंपनीचा इंजिनिअर अखेर इथेच येतो: डीप इन्स्पेक्शन चालू करा. तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं बरोबर आहे. फायरवॉल मध्ये उभी राहून दोन्हीकडे वेगळं टीएलएस बोलली तर पूर्ण पत्ता दिसतो आणि वर सांगितलेल्या बऱ्याच पळवाटा बंद होतात. तरीही सरसकट चालू करायला माझा विरोध आहे.

पहिलं कारण व्यवहाराचं. विंडोजच्या स्टोअरमध्ये ऑथॉरिटी टाकली म्हणजे काम झालं असं नसतं. जावा आणि पायथनच्या लायब्ररी आपापली वेगळी यादी बाळगतात. अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरणाऱ्याने टाकलेल्या ऑथॉरिटीवर आपणहून विश्वास ठेवत नाहीत. आयफोनवर प्रोफाइल हाताने टाकलं तर सेटिंगमध्ये खोलवर जाऊन पूर्ण विश्वास वेगळा द्यावा लागतो. बँकेची आणि इतर काही ॲप स्वतःचं सर्टिफिकेट पिन करून ठेवतात, म्हणजे दुसरं कुठलंच स्वीकारत नाहीत. ती कशानेही चालणार नाहीत. ज्या साइट क्लायंटकडूनही सर्टिफिकेट मागतात त्या मोडतात. प्रत्येक मोडलेल्या गोष्टीसाठी एक अपवाद पडतो, आणि वर्षभरात अपवादांची यादी पॉलिसीपेक्षा लांब होते.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ट्रॅफिक उलगडायला लागल्यावर बाहेरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायची जबाबदारी ब्राउझरकडून फायरवॉलकडे जाते. मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट फायरवॉलने स्वीकारलं आणि त्यावर स्वतःची कोरी सही केली, तर ब्राउझरला सगळं आलबेल दिसतं. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या सायबर सुरक्षा संस्थेने नेमका हाच इशारा दिला होता, की एचटीटीपीएस मध्ये अडवल्याने सुरक्षा कमजोर होऊ शकते. २०१५ चं सुपरफिश प्रकरणही याच जातीचं: लेनोव्होच्या लॅपटॉपवर आधीच टाकलेल्या त्या सॉफ्टवेअरने प्रत्येक मशीनवर एकच ऑथॉरिटी आणि तिची एकच खाजगी किल्ली ठेवली होती, आणि ती किल्ली कोणालाही काढता आली.

तपासायला ‘बॅडएसएसएल डॉट कॉम’ ही साइट आहे. तिच्यावर मुदत संपलेल्या, चुकीच्या नावाच्या, अनोळखी ऑथॉरिटीच्या सर्टिफिकेटची वेगवेगळी पानं आहेत. डीप इन्स्पेक्शन चालू असलेल्या मशीनवरून ती एकेक करून उघडा. एखादं पान चेतावणीशिवाय उघडलं तर दुसरं काही करण्याआधी तेवढ्या सेटिंग बदला.

तिसरं, क्षमता. माहितीपत्रकावर ठळक छापलेला थ्रूपुट ट्रॅफिक न उलगडता मोजलेला असतो. उलगडून किती, तो आकडा वेगळ्या ओळीत आणि बराच लहान असतो. भार वाढल्यावर मेमरी वाचवायला फायरवॉल तपासणी सोडून देऊ शकते. ‘कामाच्या ऐन गर्दीत साइट उघडतात’ अशी तक्रार असेल तर मेमरीचा आलेख आणि तक्रारीची वेळ शेजारी ठेवून पाहा.

माझी मांडणी अशी. पाहुण्यांच्या आणि लोकांच्या स्वतःच्या उपकरणांवर ट्रॅफिक कधीही उलगडायचं नाही. तिथे डीएनएस फिल्टर, यूडीपी ४४३ बंद आणि एसएनआय, एवढंच. ताब्यातल्या मशीनवर ब्राउझरची पॉलिसी आधी, आणि डीप इन्स्पेक्शन फक्त जिथे फाइल तपासायची खरी गरज आहे त्या वर्गांपुरतं. बँका आणि आरोग्य हे वर्ग पूर्ण वगळायचे. जे उलगडलं जातं ते वापरणाऱ्यांना लेखी कळवायचं. आणि फायरवॉलच्या ऑथॉरिटीची खाजगी किल्ली बॅकअप फाइलमध्ये उघडी पडलेली नाही ना, हे बघायचं. जो माणूस फिल्टर चुकवायचाच असं ठरवून बसलाय तो स्वतःच्या मोबाइल डेटावर जाईल; त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्यांचं ट्रॅफिक उघडण्यात अर्थ नाही.

बदल केल्यावर कसं तपासावं

चालू ब्राउझरात रिफ्रेश करून तपासलेलं ग्राह्य धरू नका. त्या मशीनची सेशन फायरवॉलवरून काढा, ऑपरेटिंग सिस्टीमची डीएनएस कॅश पुसा, आणि ब्राउझरचं नवं प्रोफाइल उघडा. त्यात क्विकची जुनी नोंद नसते, जुनं कनेक्शन नसतं. एका वेळी एकच बदल करा: आधी यूडीपी ४४३, मग डीएनएस, मग आयपीव्ही६, मग बाकीचं. प्रत्येक वेळी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत, आणि एका फोनवर, तीच साइट उघडून लॉगमध्ये कोणतं नाव उमटलं ते टिपा. ब्राउझरची मोठी आवृत्ती आली की ही चाचणी पुन्हा करा. क्लायंट हॅलोचं आणि ईसीएचचं जे झालं ते ब्राउझरच्या अपडेटनेच झालं होतं. फायरवॉलवर त्या दिवशी कोणी काहीच बदललेलं नव्हतं.